पोर्ट दोन टक्के भरलेला, तरी पॅकेट ड्रॉप : स्विचच्या बफरची वाटणी कशी तपासायची

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते. ठाणे-बेलापूर रोडलगत रबाळे, महापे किंवा तुर्भ्याच्या एमआयडीसीतली मध्यम आकाराची कंपनी. खाली शॉप फ्लोअर, वर ऑफिस. फाईल सर्व्हर १० गिगाबिटवर, डिझाईनवाल्यांची मशीन १ गिगाबिटवर. डिझाईनमधला मुलगा सांगतो, "दादा, मोठं ड्रॉइंग उघडलं की मध्येच अडकतं आणि मग एकदम येतं." त्याच वेळी अकाउंट्सच्या मॅडमची स्क्रीन गोठते. पिंग टाकलं तर एखादा टाइमआउट सोडला तर उत्तर व्यवस्थित येतं. मॉनिटरिंगच्या ग्राफवर पोर्ट जेमतेम दोन टक्के वापरात. केबल बदलून होते, पॅच कॉर्ड बदलून होते, स्विच रीस्टार्ट होतो. रीस्टार्टने सगळे काउंटर शून्यावर जातात, त्यामुळे काम झाल्यासारखं दिसतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच फोन. शेवटी नव्या स्विचचं कोटेशन मालकाच्या टेबलावर जातं.

त्या कोटेशनवर सही होण्याआधी एक तपासणी व्हायलाच हवी. स्विचमध्ये एकूण बफर (पॅकेट बाहेर पडेपर्यंत धरून ठेवणारी मेमरी) किती, हा प्रश्न नंतरचा. अडचणीत असलेल्या क्यूला (पोर्टबाहेर पडायला थांबलेल्या पॅकेटांच्या रांगेला) त्यातला किती हिस्सा वापरायची परवानगी आहे, हे आधी बघायचं. कितीतरी ठिकाणी एका क्यूच्या नावाने राखलेली मेमरी रिकामी पडून असते आणि शेजारच्या क्यूमधली पॅकेट फेकली जात असतात. हे निव्वळ सेटिंगचं काम आहे, त्यासाठी कुणाच्या खिशाला चाट पडायचं कारण नाही.

दोन टक्क्यांत ड्रॉप कसा होतो

१ गिगाबिटचा पोर्ट एका मिलिसेकंदात जास्तीत जास्त १२५ किलोबाइट बाहेर काढू शकतो. १० गिगाबिटवरचा सर्व्हर तेवढ्याच वेळात १२५० किलोबाइट आत ढकलतो. मधले ११२५ किलोबाइट दर मिलिसेकंदाला स्विचने कुठेतरी धरून ठेवायचे असतात. समजा त्या पोर्टच्या क्यूला ३०० किलोबाइट बफर मिळाला आहे. तो पाव मिलिसेकंदाच्या आसपास भरतो. त्यानंतर बर्स्ट (एकदम आलेला हा लोंढा) चालू असेपर्यंत येणाऱ्या दर दहा पॅकेटमधली नऊ टाकली जातात.

यात सर्व्हरचं काही बिघडलेलं नसतं. हल्लीच्या नेटवर्क कार्डांत सेगमेंटेशन ऑफलोड चालू असतो. ऑपरेटिंग सिस्टिम ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा एकदम कार्डाच्या हवाली करते, आणि कार्ड त्याची पॅकेट पाडून ती पूर्ण वेगाने एकामागोमाग सोडतं. फाईल मोठी असेल तर असे तुकडे पाठोपाठ येतात.

ग्राफवर हे का दिसत नाही? कारण मॉनिटरिंग सॉफ्टवेअर साधारण पाच मिनिटांनी एकदा आकडा घेतं आणि मधल्या काळाची सरासरी काढतं. दर सेकंदाला २० मिलिसेकंद पोर्ट गच्च भरला आणि उरलेले ९८० मिलिसेकंद रिकामा राहिला, तर सरासरी २ टक्केच येणार. ठाण्याला दोन गाड्या एकदम लागल्या की पुलावर पाय ठेवायला जागा उरत नाही. दिवसभरात पुलावरून किती माणसं गेली या आकड्यात ती दोन मिनिटं कधीच सापडणार नाहीत. सिस्कोच्या स्विचवर इंटरफेसचा लोड-इंटरव्हल (सरासरी काढायचा काळ) मुळात ३०० सेकंदांचा असतो. तो ३० वर आणता येतो आणि आणावाही, पण मिलिसेकंदांच्या बर्स्टसाठी ३० सेकंदसुद्धा फार झाले.

वापरणाऱ्याला "अडकतं आणि एकदम येतं" असं का जाणवतं, तेही इथेच आहे. बर्स्टच्या मधलं एखादं पॅकेट हरवलं तर टीसीपीला (पोचपावती घेऊन हरवलेलं पुन्हा पाठवणाऱ्या पद्धतीला) ते पुढच्या पॅकेटांच्या पोचपावत्यांवरून लगेच कळतं. शेपटाकडची पॅकेट हरवली तर मागून पावती यायला कुणी उरत नाही, मग टाइमर संपेपर्यंत थांबावं लागतं. लिनक्समध्ये हा टाइमर कमीत कमी २०० मिलिसेकंदांचा असतो. ज्या लॅनवर पॅकेट जाऊन यायला एक मिलिसेकंदही लागत नाही, तिथे २०० मिलिसेकंदांची शांतता माणसाला स्पष्ट जाणवते. अशा चार-पाच शांतता एका ड्रॉइंगमध्ये आल्या की फोन येतोच.

आधी भलत्या शंका बाजूला काढा

इंटरफेसच्या माहितीत इनपुट एरर किंवा सीआरसी (खराब होऊन आलेल्या फ्रेमचा आकडा) वाढत असेल तर बफरचा विषय तिथेच सोडा. तो केबलचा, कनेक्टरचा किंवा एसएफपीचा (पोर्टमध्ये बसवायच्या फायबर मॉड्यूलचा) दोष आहे. आपल्याकडे खाडीजवळच्या दमट हवेत शॉप फ्लोअरवरचे आरजे-४५ कनेक्टर लवकर गंजतात, पावसाळ्यानंतर तर हमखास. सीआरसी शून्य आणि आउटपुट ड्रॉप वाढताहेत, असं दिसलं तरच पुढे वाचा.

मात्र एक मधला प्रकार आहे, आणि तो फसवतो. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात. एखादी जोडी गेली की बरीच कार्डं मुकाट्याने १०० मेगाबिटवर उतरतात. लिंकचा दिवा चालू, सीआरसी शून्य, इंटरनेटही चालतं. पण आता तोच पोर्ट मिलिसेकंदाला १२५ ऐवजी साडेबारा किलोबाइटच बाहेर काढतो आणि ड्रॉपचा पूर येतो. म्हणून बफरच्या कमांडला हात लावण्याआधी अडचणीतल्या प्रत्येक पोर्टचा स्पीड डोळ्यांनी बघा.

काउंटर वाचताना

सिस्कोच्या कॅटॅलिस्ट स्विचवर "शो इंटरफेसेस" मध्ये "टोटल आउटपुट ड्रॉप्स" बघतात, हे सगळ्यांना माहीत आहे. तो आकडा वर्षभराचा साठलेलाही असू शकतो, म्हणून आधी काउंटर क्लिअर करा, वेळ लिहून ठेवा आणि तक्रार येते त्या वेळेनंतर पुन्हा बघा. ३८५० आणि ९३०० या मालिकांच्या बऱ्याच आवृत्त्यांत हा आकडा पॅकेटांचा नसून बाइटचा असतो. पंधरा लाख ड्रॉप बघून माणूस हादरतो आणि प्रत्यक्षात ती हजारभर मोठी पॅकेट असतात. "क्यूओएस क्यू-स्टॅट्स-फ्रेम-काउंट" ही ग्लोबल कमांड दिली की पुढचे आकडे फ्रेममध्ये येतात.

त्यानंतरचा प्रश्न महत्त्वाचा: ड्रॉप कोणत्या क्यूमध्ये? जुन्या २९६० आणि ३७५० वर "शो एमएलएस क्यूओएस इंटरफेस … स्टॅटिस्टिक्स" मध्ये क्यूनिहाय आणि थ्रेशोल्डनिहाय (क्यू किती भरल्यावर पॅकेट टाकायची त्या पातळीनुसार) ड्रॉप दिसतात. ३८५० आणि ९३०० वर "शो प्लॅटफॉर्म हार्डवेअर फेड स्विच ॲक्टिव्ह क्यूओएस क्यू स्टॅट्स इंटरफेस …" ही लांबलचक कमांड आहे. जुन्या मालिकेत इथे एक खड्डा आहे: स्टॅटिस्टिक्समध्ये क्यूचे क्रमांक ० ते ३ दिसतात, पण कॉन्फिगरेशनमध्ये त्याच क्यूंना १ ते ४ म्हणतात. स्टॅटिस्टिक्समधली क्यू १ म्हणजे कॉन्फिगरेशनमधली क्यू २. हे लक्षात न ठेवता बदल केला तर ड्रॉप एका क्यूमध्ये आणि औषध दुसरीला, असं होतं.

पोर्ट-चॅनल (अनेक लिंक जोडून केलेली एक) असेल तर एकत्रित आकड्यावर समाधान मानू नका. त्यात एक फ्लो (दोन मशीनमधलं एक संभाषण) एकाच लिंकवरून जातो. दोन जड फ्लो हॅशमध्ये (लिंक निवडायच्या हिशोबात) एकाच लिंकवर आले की ती लिंक ड्रॉप करते आणि दुसरी मोकळी असते. प्रत्येक सदस्य पोर्ट वेगळा बघायचा.

"फोन बसवल्यापासून हे सुरू झालं"

हे वाक्य कानावर आलं तर अर्धं निदान झालं असं समजा. कॅटॅलिस्ट २९६० आणि ३७५० वर क्यूओएस (कोणत्या ट्रॅफिकला आधी सोडायचं ते ठरवणारी व्यवस्था) मुळात बंद असतो. आयपी फोन बसवणारे ऑटो क्यूओएस देऊन जातात, किंवा कुणीतरी "एमएलएस क्यूओएस" ही एक ओळ टाकतं. त्या ओळीसरशी बाहेर जाणाऱ्या बाजूचा बफर चार क्यूंमध्ये वाटला जातो. डिफॉल्ट वाटणी प्रत्येकी २५ टक्के (ऑटो क्यूओएस स्वतःची वाटणी आणि नकाशा लावतो, तिथे ड्रॉप होणारी क्यू काउंटरवरून ओळखा आणि खालच्या कमांडमध्ये तिचाच क्रमांक द्या). ऑफिसमधला जवळजवळ सगळा डेटा कुठलंही मार्किंग (पॅकेटवरची प्राधान्याची खूण, डीएससीपी) नसलेला, म्हणजे डीएससीपी शून्य, आणि तो डिफॉल्ट नकाशाप्रमाणे क्यू २ मध्ये जातो. म्हणजे फाईल सर्व्हर, प्रिंट, अकाउंटिंग, इंटरनेट, सगळे एका चतुर्थांशात कोंबलेले. ज्या पोर्टवर फोन नाहीत तिथेही उरलेल्या क्यूंची राखीव जागा अडकून राहते. आवाज स्वच्छ येतो, त्यामुळे फोन बसवणाऱ्याचं काम चोख झालेलं असतं. फाईली रखडतात त्या दुसऱ्या खात्यात.

फोन नसतीलच, किंवा व्हॉइससाठी वेगळा स्विच असेल, तर "नो एमएलएस क्यूओएस" हा सर्वांत सरळ उपाय. फोन असतील तर क्यू २ ला सामायिक साठ्यातून जास्त उचलायची परवानगी द्यायची. या स्विचमध्ये क्यू-सेट दोन असतात आणि सगळे पोर्ट मुळात सेट १ मध्ये असतात. माझा आग्रह असा की सेट १ ला हात लावू नये. सेट २ मध्ये बदल करावा आणि अडचणीतले पोर्टच तिकडे न्यावेत:

एमएलएस क्यूओएस क्यू-सेट आउटपुट २ थ्रेशोल्ड २ ३१०० ३१०० १०० ३२००

आणि त्या पोर्टवर:

क्यू-सेट २

कमांडमधला पहिला २ क्यू-सेटचा, दुसरा २ क्यूचा. ३१०० हे दोन ड्रॉप थ्रेशोल्ड, १०० राखीव टक्केवारी आणि ३२०० कमाल मर्यादा. ही टक्केवारी त्या क्यूला नेमून दिलेल्या बफरच्या तुलनेत आहे, त्यामुळे १०० च्या पुढचा आकडा बघून दचकू नका. त्याचा अर्थ सामायिक साठ्यातून उसनं घेता येईल. जुन्या आवृत्त्यांत मर्यादा ४०० वरच थांबते, तिथे ४०० द्या.

३८५० आणि ९३०० वर हाच विचार एका ओळीत होतो:

क्यूओएस क्यू-सॉफ्टमॅक्स-मल्टिप्लायर १२००

डिफॉल्ट १०० असतो. सॉफ्टमॅक्स म्हणजे एखाद्या पोर्टची क्यू सामायिक साठ्यातून कुठवर घेऊ शकते त्याची हद्द. ही ओळ ती हद्द बारा पटींपर्यंत नेते. मात्र ती सगळ्या स्विचला लागते, एकट्या पोर्टला नाही. म्हणून कामाच्या वेळेत न करता मेंटेनन्सची वेळ घ्या, आधी ४०० देऊन एक दिवस बघा आणि ड्रॉप उरले तरच वर जा.

ज्युनिपरच्या ईएक्स आणि क्यूएफएक्स मालिकांत क्लास-ऑफ-सर्व्हिसखाली शेअर्ड-बफरची टक्केवारी असते; क्यूएफएक्सवर ती बदलताना ट्रॅफिकला धक्का बसतो, दिवसा करू नका. एचथ्रीसीच्या स्विचवर "बर्स्ट-मोड इनेबल" अशी थेट कमांडच आहे, आणि ती वेगवान पोर्टकडून मंद पोर्टकडे किंवा अनेक पोर्टांकडून एकाकडे येणाऱ्या ट्रॅफिकसाठीच दिलेली आहे. अरिस्टामध्ये "क्यू-मॉनिटर लेंग्थ" चालू केलं की क्यू कधी फुगली आणि किती, याची नोंदच मिळते. अंदाज लावत बसायची गरज राहत नाही.

किती वाढवायचा

जास्तीत जास्त देऊन टाका, असं सांगणारे भेटतात. ते मला पटत नाही. बफर म्हणजे थांबलेला वेळ. १ गिगाबिटच्या पोर्टसमोर ३ मेगाबाइट साठले तर शेवटचं पॅकेट बाहेर पडायला २४ मिलिसेकंद लागतात. फाईलला याचं काही नाही. त्याच क्यूमध्ये आवाज असेल तर फोनवर बोलणाऱ्याला जाणवेल. म्हणून बफर वाढवण्याआधी व्हॉइस खरंच प्रायॉरिटी क्यूमध्ये जातोय का ते बघा. "एमएलएस क्यूओएस" चालू असलेल्या जुन्या मालिकेत फोनचा पोर्ट ट्रस्ट केलेला (म्हणजे फोनने लावलेली खूण मान्य करणारा) नसेल तर मार्किंग पुसलं जातं, व्हॉइस डेटाच्याच रांगेत उभा राहतो, आणि मग बफर वाढवून तुम्ही एकाची तक्रार दुसऱ्याकडे सरकवता.

शिवाय सामायिक साठा सगळ्यांचा आहे. एक लोभी पोर्ट तो भरून बसला की त्याच चिपवरचे इतर पोर्ट उपाशी राहतात. बऱ्याच ४८ पोर्टांच्या स्विचमध्ये बफर चिपनुसार किंवा चिपच्या भागांनुसार विभागलेला असतो. एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र), बॅकअपचा नॅस (नेटवर्कवरचं स्टोरेज) आणि डिझाईनची मशीन एका गटातल्या पोर्टांवर गोळा झाली असतील तर ती वेगवेगळ्या गटांत पसरवा. कॉन्फिगरेशनला हातही न लावता यातून फरक पडलेला दिसतो.

कॅमेऱ्यांचा वेगळा प्रकार

"आठवड्यात दोन-तीनदा चित्र फाटतं आणि आपोआप नीट होतं." ही तक्रार गोदामांमधून फार येते आणि दरवेळी कॅमेऱ्याला दोष दिला जातो. आकडेमोड करून बघू. कॅमेरा १०० मेगाबिटवर असतो. दर काही सेकंदांनी तो पूर्ण चित्राची आय-फ्रेम पाठवतो, बाकी वेळ फक्त बदल. आय-फ्रेम २५० किलोबाइटची धरली तर ती २० मिलिसेकंदांत जाते. आता समजा एकूण ६४ कॅमेरे आहेत, आणि त्यांपैकी ३२ कॅमेऱ्यांच्या आय-फ्रेम एकाच वेळी आल्या तर १ गिगाबिटच्या एनव्हीआर पोर्टकडे ३.२ गिगाबिटच्या वेगाने ८ मेगाबाइट येतात. २० मिलिसेकंदांत त्यातले अडीच बाहेर जातात, साडेपाच मेगाबाइट थांबवायचे. साध्या ॲक्सेस स्विचच्या एका पोर्टसाठी ही मागणी झेपणारी नाही. स्ट्रीम यूडीपीवर (हरवलेलं पुन्हा न पाठवणाऱ्या पद्धतीवर) असेल तर जे गेलं ते गेलं, पुढच्या आय-फ्रेमपर्यंत चित्र फाटलेलंच राहतं.

आपोआप नीट का होतं? सगळ्या कॅमेऱ्यांना आय-फ्रेमचं अंतर सारखंच दिलेलं असतं, पण प्रत्येकाचं घड्याळ किंचित वेगळं चालतं. त्यामुळे त्यांच्या आय-फ्रेम हळूहळू एकमेकांवर येतात आणि हळूहळू दूर जातात. म्हणूनच इंजिनिअर पोचतो तेव्हा सगळं ठीक असतं.

इथे बफर वाढवणं हा दुय्यम उपाय. आय-फ्रेमचं अंतर गटागटाने वेगळं ठेवा, बिटरेट स्थिर ठेवा, कॅमेऱ्यात स्मूदिंगचं सेटिंग असेल तर वापरा, एनव्हीआर चालवत असेल तर स्ट्रीम टीसीपीवर न्या. एनव्हीआरला दोन नेटवर्क पोर्ट असतील तर कॅमेरे दोघांत वाटा.

स्विचवर ड्रॉप शून्य, तरी तक्रार

वागळे इस्टेटमध्ये ऑफिस, महाप्यात प्लांट, मध्ये २०० मेगाबिटची लीज लाइन. सेवा देणाऱ्याने जोडणी १ गिगाबिटच्या पोर्टवर दिली आहे. तुमचा स्विच बर्स्ट आनंदाने १ गिगाबिटने बाहेर सोडतो, त्याच्या लेखी काही अडलेलं नाही, ड्रॉप शून्य. पलीकडे पोलिसर बसलेला असतो. तो रांग लावत नाही. ठरलेल्या मापापेक्षा जास्त आलं की टाकून देतो. तुमच्या बाजूचा बफर कितीही वाढवा, तो कधी भरणारच नाही, कारण रांग तुमच्याकडे लागतच नाही.

उपाय एकच: रांग आपल्याकडे लावून घ्यायची. राउटरवर किंवा ९३०० वर शेपर (जास्तीचं टाकून न देता रांगेत थांबवून वेग बांधणारा) लावून वेग १९० मेगाबिटच्या आसपास बांधा, दोन्ही टोकांना. जुन्या २९६० वर "एसआरआर-क्यू बँडविड्थ लिमिट" आहे. तो ढोबळ टक्क्यांत चालतो, पण काहीच नसण्यापेक्षा बरा. शेपर लागला की मग वरचं सगळं बफरचं गणित या पोर्टला लागू होतं, आणि व्हॉइसला पुढे काढण्याचा अधिकारही तुमच्या हातात येतो.

फ्लो कंट्रोलबद्दल

८०२.३एक्स या मानकातल्या पॉज फ्रेम ("थोडा थांब" असं समोरच्याला सांगणारे संदेश) चालू केल्या की ड्रॉप थांबतात, हे खरं आहे. पण पॉज त्या अख्ख्या पोर्टला थांबवतो. एक मंद मशीन भरलं म्हणून सर्व्हरला थांबवलं तर त्या सर्व्हरकडून बाकी सगळ्यांना जाणारा डेटाही थांबतो. स्टोरेजच्या स्वतंत्र नेटवर्कवर, जिथे निर्माता स्वतः सांगतो, तिथे ठेवा. ऑफिसच्या मिश्र लॅनवर नको.

बदल उपयोगी पडला की नाही

"आता बरं वाटतंय" हा पुरावा नाही. काउंटर क्लिअर करून तक्रारीच्याच वेळेचा फरक बघा. मूळ बर्स्ट डोळ्यांनी बघायचा असेल तर मिरर पोर्ट (दुसऱ्या पोर्टवरच्या ट्रॅफिकची नक्कल देणारा) लावून वायरशार्क या पॅकेट बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅप्चर घ्या आणि आयओ ग्राफचं अंतर १ मिलिसेकंदावर आणा. मिरर घेताना सर्व्हरचा १० गिगाबिटचा पोर्ट १ गिगाबिटच्या लॅपटॉपवर उतरवू नका. तिथेही तोच बर्स्ट तसाच टाकला जाईल आणि कॅप्चरमध्ये दिसलेला तोटा खरा की मिररचा, हे सांगता येणार नाही. सर्व्हरवरच कॅप्चर घेतला तर ऑफलोडमुळे ६४ किलोबाइटची अवाढव्य पॅकेट दिसतील, तीही तारेवरची खरी पॅकेट नव्हेत. सर्व्हरवर रीट्रान्समिशनचा (पुन्हा पाठवलेल्या पॅकेटांचा) काउंटर आधी आणि नंतर टिपणं सर्वांत सोपं, आणि मालकाला दाखवायलाही तेच चालतं.

वाटणी नीट झाली, मर्यादा वर नेली, पोर्ट पसरवले, आणि तरीही त्याच पोर्टवर ड्रॉप वाढत असतील तर आता खर्चाचं बोलायला हरकत नाही. तेव्हाही पूर्ण स्विचआधी त्या दोन-चार मशीनना अडीच किंवा १० गिगाबिटचे पोर्ट देता येतात का ते विचारा. नवा स्विच घ्यायचाच झाला तर कोटेशनमध्ये तीन गोष्टी लिहून मागा: एकूण बफर किती, तो किती भागांत विभागलेला, आणि एका पोर्टला त्यातला जास्तीत जास्त किती घेता येतो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी येत नाही तोवर ऑर्डर देऊ नका.